बुधवारची बस

मी माझीच धून चुकीची वाजवते, असं मला गेल्या मार्चमध्ये पहिल्यांदा कळलं. त्याआधी अठ्ठावन्न वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

सांगणारे होते डॉक्टर लॅक्लन ऑगिल्व्ही. औषधाचे डॉक्टर नव्हेत, जुन्या धुनांचे. वय असेल पस्तीस, दाढी नीट कातरलेली, आणि पायात आमच्याकडचे मेंढपाळसुद्धा घालणार नाहीत इतके दणकट बूट. एडिनबराहून आले होते. किर्कटनच्या शाळेत दर बुधवारी माझा फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, वर्ग असतो, तिथे ते मागच्या बाकावर बसले. अकरा मुलांनी 'रिकामी वाट' वाजवून संपवली तेव्हा हात वर करून म्हणाले, "मिसेस रेनी, सुंदर. फक्त दुसऱ्या भागातला तो विराम जरा तोकडा पडतोय."

"किती हवा?" मी विचारलं.

"निदान तीन मात्रा. तुम्ही दीडच घेता. आणि मुलं तिथे मान वाकडी करून दाराकडे का बघतात? ती सवय मोडायला हवी. तो शोकाचा क्षण आहे, तिथे माना खाली हव्यात."

"बाई करतात तसंच करतो आम्ही," पहिल्या रांगेतली मोराग म्हणाली. मोराग नऊ वर्षांची आहे आणि तिला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय.

मी डबी उघडून गजाला राळ लावत बसले. राग आला की मी राळ लावते. त्या दिवशी गज पांढराफटक झाला होता.

आता खरं काय ते सांगते.

१९६६ चा फेब्रुवारी. मी अठरा वर्षांची. आमचं शेत खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला. आठवड्यातून एकदा, बुधवारी सकाळी, बस आमच्या फाट्यापर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरून खाली हंटलीला जायची, ॲबर्डीनची आगगाडी तिथून. त्या बुधवारी दुपारी ॲबर्डीनला एका मोठ्या संगीत शाळेचे परीक्षक मुलं निवडायला येणार होते. मी अर्ज गुपचूप केला होता. घरात वडिलांना आणि बाहेर पोस्टातल्या बाईंना, एवढ्या दोघांनाच माहीत. खोऱ्यात कळलं असतं तर पोरीला शिंगं फुटली म्हणून वर्षभर चघळलं असतं.

रात्रभर बर्फ पडून पहाटे थांबला होता. फाट्यावर दुधाचे कॅन ठेवायचा कट्टा होता, त्यावर मी फिडलची पेटी मांडीवर घेऊन बसले. आठ वाजले. नऊ वाजले. बोटं आखडायला लागली म्हणून फिडल बाहेर काढलं. परीक्षेसाठी बसवलेलं वाजवावं तर ते वाजवून संपायचं आणि बस आलेली नसायची, म्हणून मग मनाला येईल ते वाजवत राहिले. मध्येच वाटायचं, इंजिन ऐकू आलं. गज उचलायचा, मान वळवायची, कान द्यायचा. वारा असायचा. पुन्हा वाजवायला लागायचं. दहा वाजून गेल्यावर मी घरी परतले तेव्हा धून जवळजवळ पुरी झाली होती आणि विराम आपल्या जागी बसला होता. दीड मात्रा. इंजिन आहे की वारा, हे कळायला तेवढाच वेळ लागतो. तीन मात्रा लागणारा माणूस बहिरा असला पाहिजे.

सगळे म्हणाले, खाली कुठेतरी रस्ता बंद होता. मीही तेच धरून चालले. पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, त्याच्या पुढच्या वर्षी विली रेनीने मागणी घातली. विलीला मी लग्नानंतर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं की गं, बस आली नाही ते." प्रेमानेच म्हणाला होता. विली आता नाही, त्यामुळे या वाक्यावरून त्याच्याशी भांडायचं राहूनच गेलं.

धून मात्र मला कुणाला तरी ऐकवायची होती. आमच्याकडे प्रत्येक धुनेला नाव असतं, बहुतेक करून माणसाचं. अमक्या डॉक्टरबाईंचा निरोप, तमक्या गिरणीवाल्याचं लग्न. पण फिडल मंडळाचे तेव्हाचे प्रमुख मिस्टर फार्क्वर यांचा नियम होता की मंडळात वाजवायची ती जुनी धून. आणि पोरींनी धुना वाजवायच्या असतात, करायच्या नसतात. म्हणून मी ठोकून दिलं की आजोबांची आहे. आजोबा वारले होते, आणि हयात असताना त्यांना धड शिट्टीही वाजवता येत नसे. फार्क्वरांनी डोळे मिटून ऐकली. म्हणाले, "रक्तातच असतं बघा हे. आताच्या पोरांना सुचेल का असं काही?" मग नाव विचारलं. मी म्हटलं, रिकामी वाट. 'बुधवारची बस' म्हणाले असते तर आजोबांचं बिंग तिथेच फुटलं असतं.

पुढे ती मंडळाची झाली, मग खोऱ्याची झाली, मग कॅसेटी काढणाऱ्यांची झाली, आणि आता डॉक्टर ऑगिल्व्हींनी तिला पावणेतीनशे वर्षांची करून टाकलं होतं. मी शहात्तरची आणि माझं लेकरू पावणेतीनशेचं. डॉक्टरांच्या मते खोऱ्यातले बारा पुरुष १७४६ च्या कलोडनच्या लढाईला गेले, एकही परतला नाही, आणि विरामात त्यांच्या बायका वाटेकडे डोळे लावून उभ्या आहेत. बाई वाटेकडे बघतेय, इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं.

मंडळाने लगेच भांडी पुसायची फडकी छापून घेतली. त्यांवर डोंगर, एक तलवार, आणि मधोमध स्वरलेखनात माझा विराम.

मंगळवारच्या सरावाला मी विषय काढला. म्हटलं, विराम आता तीन मात्रांचा करायचा म्हणतात.

"बरंच झालं," मागच्या रांगेतून डॉड इम्लाक म्हणाला. "तीन मात्रा थांबलात तर मी वेळेवर पोचेन."

सगळे हसले. डॉड ब्याऐंशीचा आहे. चाळीस वर्षं खोऱ्याची बस चालवली आणि पन्नास वर्षं मंडळात दुसरं फिडल वाजवतोय. दोन्ही ठिकाणी उशिराच. धून संपली आणि डॉड आला, असं आमच्यात म्हणतात. त्याला राग येत नाही. लोकरीच्या टोपीखाली कान झाकून तो सगळ्यांच्या मागून आपला येत राहतो.

सराव संपल्यावर मी म्युरिएल बीटीला स्वयंपाकघरात गाठलं. म्युरिएल आमच्या मंडळाची अध्यक्ष, पियानो तीच वाजवते, आणि पूर्वी शाळेची मुख्याध्यापिका होती, त्यामुळे अजूनही समोरच्याची नखं तपासल्यासारखं बघते. मी तिला सगळं सांगितलं, परीक्षा तेवढी गाळून. कट्टा, बर्फ, आजोबा. ती कप विसळत ऐकत होती.

"एल्स्पेट," ती म्हणाली, "हे तुला आत्ता आठवायचं होतं?"

"विसरले कधी होते? इतकी वर्षं कुणी मला माझी धून शिकवायला आलं नव्हतं."

"हे बघ. कौन्सिलचं पत्र तू वाचलंयस. उन्हाळ्यानंतर शाळेतला फिडलचा वर्ग बंद. खोऱ्यात जुनी, जिवंत परंपरा आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच चालू राहणार. शनिवारचा कार्यक्रम ऐकून ते अहवाल लिहिणारेत. त्यांना जिवंत परंपरा हवी आहे."

"मी जिवंतच आहे की."

"तू जिवंत आहेस गं, पण तू परंपरा नाहीस. तू शेजारीण आहेस."

मी एक फडकं उचललं आणि कप पुसायला घेतले. माझाच विराम ओला होत होता.

घरी येऊन विचार केला. एका बाजूला अकरा मुलं. त्यातल्या चौघांना सूर कळतो, पाचजण आया पाठवतात म्हणून येतात, एक फक्त बिस्किटांसाठी येतो आणि एक मोराग आहे. वर्ग बंद पडला तर त्यांना फिडल शिकायला हंटलीला जावं लागणार, आणि आता खोऱ्यात बुधवारचीच काय, कुठल्याच वारी बस येत नाही. दुसऱ्या बाजूला एक धून. मी मेल्यावर ती वाजेल आणि खाली लिहिलेलं असेल, 'पारंपरिक'. लग्न झालं, पोरं झाली, पोरं ऑस्ट्रेलियाला गेली. पण सबंध आयुष्यात मी स्वतः केलेली अशी ही एकच गोष्ट, आणि तिच्यावर माझं नाव नाही. मला ते नाव हवं होतं. या वयात हाव शोभत नाही म्हणतात, पण हाव होती ती होती. तीन दिवस मी स्वतःला समजावलं, आणि शुक्रवारी कळलं की आपण समजणाऱ्यातल्या नाही.

शनिवारी दुपारी दोनला हॉल भरला. मागे स्वयंपाकघरात स्टोव्हीजचं पातेलं चढलेलं, बटाटे आणि कांद्याचा वास थेट स्टेजपर्यंत. रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या, टेबलावर व्हिस्कीची बाटली, साखरेच्या वड्या आणि फडक्यांचा गठ्ठा. पहिल्या भागात नाचाच्या धुना झाल्या, लोकांनी पाय आपटले. मग चहा झाला. मग डॉक्टर ऑगिल्व्ही उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. बोलले छानच, उगाच का नावं ठेवू? त्या बारा बायकांबद्दल ऐकताना खाटकाच्या बायकोने तर डोळे पुसले. शेवटी म्हणाले, "विराम येईल तेव्हा आपण सगळे माना खाली घालून त्या न परतलेल्यांना आठवू या."

मुलं पुढे उभी राहिली, मागे मंडळ. पियानोपाशी म्युरिएल माझ्याकडे बघत होती, नखं तपासायच्या नजरेने. मी माईकपाशी गेले.

"वाजवायच्या आधी एक सांगायचंय," मी म्हटलं. "ही धून आजोबांची नाही. माझी आहे. १९६६ साली फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी केली. आमच्या फाट्यावर बसची वाट बघत होते. विराम आहे तिथे मला वाटलं, बस आली. आली नव्हती. हिचं खरं नाव 'बुधवारची बस'."

हॉलमध्ये आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. अगदी प्रेमाने, म्हाताऱ्या बाईने गंमत केल्यावर हसतात तसं. मी डॉक्टरांकडे बघितलं. वाटलं, आता चेहरा पडेल, अहवाल फाटेल, वर्ग बुडेल. चेहरा पडला नव्हता, उजळला होता. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले.

"मंडळी," ते म्हणाले, "हे ऐकायला मिळणं हे भाग्य आहे. परंपरा खरोखर जिवंत असते तिथे वाजवणाऱ्याला ती इतकी आपली वाटते, की आपणच धून केली असं तो मनापासून मानायला लागतो. गेल्या वर्षी एका बेटावर नव्वद वर्षांच्या आजोबांनी मला हेच सांगितलं होतं. धन्यवाद, मिसेस रेनी. याहून भक्कम पुरावा मला नको होता." आणि खाली बसून त्यांनी लिहून घेतलं.

म्हणजे वर्ग वाचला. खरं बोलून वाचला. आणि धून गेली ती कायमची. मला हसू येईना आणि रडूही येईना. माईकपुढे नुसती उभी राहिले.

"कुठे चालली होतीस पण?" पियानोवरून म्युरिएलने विचारलं. हळू विचारलं होतं, पण माईकने ते सगळ्या हॉलला ऐकवलं.

"ॲबर्डीनला. संगीत शाळेची परीक्षा होती."

खोऱ्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. पुढच्या रांगेतलं हसणं थांबलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉड उभा राहिला होता, टोपी हातात.

"ती खरं सांगतेय," तो म्हणाला. "बस मी चालवत होतो."

"माहीत आहे मला, डॉड," मी म्हटलं. "रस्ता बंद होता."

"रस्ता बंद नव्हता."

पुढच्या रांगांतल्या माना मागे डॉडकडे वळल्या.

"बर्फ काढायची गाडी सकाळीच वर जाऊन आलेली. मी पुलापर्यंत आलो होतो. हंटलीला दुपारी एक लग्न होतं, तिथे मला फिडल वाजवायला बोलावलेलं. म्हटलं, असल्या दिवशी वरच्या फाट्यावर कोण कशाला उभं असणार? पुलावरून वळवली आणि गेलो. कचेरीत सांगितलं, रस्ता बंद आहे." तो टोपी फिरवत राहिला. "तू होतीस हे माहीत असतं तर आलो असतो, एल्स्पेट."

पुलापासून आमचा फाटा मैलभर. आला असता, हे मलाही माहीत होतं. डॉड वाईट माणूस नाही. त्यानेच विलीची शवपेटी खांद्यावर घेतली होती, पुढच्या बाजूने. पण मला राग आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. अठ्ठावन्न वर्षं मी बर्फावर रागावले होते. ते सोपं होतं. बर्फ दर मंगळवारी येऊन माझ्या मागे दुसरं फिडल वाजवत नव्हता. आणि हा पन्नास वर्षं तो विराम माझ्याबरोबर मुकाट मोजत आला होता.

"लग्नात चांगलं वाजवलंस का?" मी विचारलं.

"नाही," डॉड म्हणाला. "बोटं गारठली होती."

डॉक्टर पेन्सिल वर करून म्हणाले, "म्हणजे ही बसची कथा गावात दोन स्वतंत्र व्यक्तींकडे सापडते. फार मोलाचं आहे हे."

"बाई, वाजवायचं की नाही?" मोरागने विचारलं. तिचा गज केव्हाचा वर होता आणि हात दुखायला लागला होता.

मी म्हटलं, वाजवायचं. माझं फिडल हनुवटीखाली घेतलं आणि मान हलवून ठेका दिला. पहिला भाग झाला. मुलं बरी वाजवत होती, बिस्किटवालासुद्धा. दुसऱ्या भागात विराम आला. सगळ्या हॉलच्या माना कलोडनच्या मृतांसाठी खाली निघाल्या. मुलांच्या माना वाकड्या होऊन दाराकडे वळल्या, माझी त्यांच्याबरोबर. त्या वळणात मला मागची रांग दिसली. डॉडही दाराकडे बघत होता. पन्नास वर्षांत तो तिथे कधी बघत नसे, बोटांकडे बघायचा. दीड मात्रा झाली, मी गज तारांवर टेकवला आणि लोकांच्या माना पुरत्या खाली पोचायच्या आत आम्ही पुढे निघालो. डॉड वेळेवर होता.

अहवाल मे महिन्यात आला. वर्ग चालू आहे, दोन मुलं वाढली. तळटीपेत लिहिलंय की स्थानिक लोकांत या प्राचीन धुनेविषयी एका बसची अलीकडची दंतकथाही सांगितली जाते. मोरागने आपल्या वहीत 'रिकामी वाट' खोडून वर 'बुधवारची बस' लिहिलं आणि खाली माझं नाव लिहिलं. म्युरिएलने ते बघितलं आणि तसंच राहू दिलं, जे तिच्या स्वभावात बसत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारी स्टोव्हीज खाऊन लोक पांगले तेव्हा बाहेर बारीक पाऊस लागला होता. मी पेटी बंद करत होते. डॉड कोट घालून समोर येऊन उभा राहिला, टोपी अजून हातातच.

"घरी सोडतो तुला," तो म्हणाला.

"सोड."

"गाडी लांब लावलीये, चर्चच्या भिंतीपाशी. तू इथे दारात थांब, मी घेऊन येतो."

"नाही," मी म्हटलं. "थांबणार नाही. गाडीपर्यंत तुझ्याबरोबरच येते."

त्याने मान हलवली, माझ्या हातातून पेटी घेतली, आणि आम्ही दोघं भिजत निघालो.